बाबांचं डायलिसिस सुरू झालंय, अकोला लांब आहे, आठवड्याला तीन फेऱ्या कशा जमवायच्या?

खारपाणवाला

नमस्कार मंडळी. आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात, जिल्हा बुलढाणा, म्हणजे पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं, जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे. बाबा ५६ वर्षांचे, शेती साडेतीन एकर, कापूस आणि सोयाबीन. शुगर नाही. बीपी आहे हे आत्ताच कळलं. दिवाळीनंतर पाय सुजायला लागले, जेवण जाईना, मळमळ, रात्री आडवं झालं की धाप, तालुक्याला दाखवलं तर रक्त तपासलं आणि क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) ११.४ आलं, हिमोग्लोबिन ६.८. डॉक्टरांनी तिथून तसंच अकोल्याला पाठवलं. तिथं मानेत नळी टाकून डायलिसिस केलं. आता त्यांना बरं वाटतंय, जेवतात, झोप लागते, पण डॉक्टर म्हणाले की हे आता आयुष्यभर, आठवड्यातून तीनदा.

तीनदा आम्हाला खरंच जमत नाही. घरून निघायचं पहाटे, चार तास मशीनवर, नंतर बाबांना चक्कर येते म्हणून तासभर बसायचं, आणि घरी यायला रात्र. आई सोबत जाते म्हणजे तिची मजुरी गेली, मी जातो तर माझी. जवळच्या सरकारी केंद्रात नाव दिलंय पण तिथं मशीन थोड्या आणि वेटिंग मोठं, एखादा पेशंट कमी झाला की नंबर लागेल असं सांगितलं. कमी झाला म्हणजे काय ते आम्हाला कळलं. सध्या आठवड्याला दोनदा जातो. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट होतंय पण गाडी, इंजेक्शनं, गोळ्या, रक्त तपासण्या हे सगळं खिशातून जातंय आणि पुढच्या हंगामाला बियाण्याला पैसे राहतील की नाही माहीत नाही.

मला विचारायचंय की दोनदा केलं तर किती धोका आहे? घरी पोटातून करायचं डायलिसिस असतं म्हणतात ते आमच्यासारख्यांना जमतं का? आई किडनी द्यायला तयार आहे, तिचं काय बघावं लागतं? आणि शेवटचं, आमच्या एकट्या गावात किडनीचे पेशंट एवढे आहेत की प्रत्येक गल्लीत कोणीतरी सापडेल, हे पाण्यानंच होतंय का? कोणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा, प्लीज.

---

मशीनरूम_परभणी

दादा, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, सरकारी केंद्रात, त्यामुळे डॉक्टर सांगतात ते सांगणार नाही, मशीनशेजारी उभं राहून जे दिसतं ते सांगतो.

पहिली गोष्ट मानेतली नळी. ती तात्पुरती आहे आणि सगळ्यात जास्त माणसं मी त्या नळीच्या इन्फेक्शनने आजारी पडताना बघितलीत, मशीनने नाही. थंडी वाजून ताप आला, विशेषतः डायलिसिस चालू असताना किंवा झाल्यावर, तर सकाळची वाट बघायची नाही. नळीला पाणी लागू द्यायचं नाही, अंघोळ कमरेखालून, वर ओल्या कपड्यानं पुसायचं. आणि उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारा की फिस्टुला कधी करायचा. हातातली शीर आणि धमनी जोडतात, छोटं ऑपरेशन असतं, पण ते पिकायला सहा ते आठ आठवडे लागतात म्हणून जेवढा उशीर तेवढे दिवस नळी मानेत. ज्या हाताला फिस्टुला करायचा (बहुतेक डावा) त्या हाताला आत्तापासून सुई टोचू द्यायची नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही. झाल्यावर त्या हाताला बीपीचा पट्टा पण नाही आणि त्या हातानं पाण्याचा हंडा, खताचं पोतं उचलायचं नाही. रोज सकाळी बोट ठेवून थरथर लागते का बघायची, थांबली तर त्याच दिवशी पळा, काही तासात कधी कधी वाचवता येतो.

दोनदाचं. तुम्ही एकटे नाही, आपल्याकडे अर्ध्याहून जास्त पेशंट दोनदाच करतात असं मला रोज दिसतं, कारण तेच, गाडीभाडं आणि रोज बुडणं. पण दोनदा करायचं असेल तर दिवस असे पाडून घ्या की मधे तीन-चार दिवसाचंच अंतर राहील, सोम-गुरू किंवा मंगळ-शुक्र. सोमवार आणि बुधवार असं कधी घेऊ नका, पुढं पाच दिवस पडतात आणि त्या लांब गॅपमधेच माणूस धाप लागून किंवा पोटॅशियम वाढून हार्ट थांबून जातो. आणि "आज बरं वाटतंय, आजची खेप जाऊ दे" हे अजिबात नाही. बरं वाटतंय ते मागच्या खेपेमुळेच. लघवी अजून होत असेल तर चोवीस तासाची मोजा, एका बाटलीत जमा करून. लघवी चांगली असणाऱ्यांना दोनदा बरंच सोसतं, बंद झालेल्यांना नाही सोसत.

पाणी पिण्याचं गणित सोपं आहे, काल जेवढी लघवी झाली तेवढं अधिक अर्धा लिटर, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. दोन खेपांमधे वजन दोन-अडीच किलोच्या वर वाढू द्यायचं नाही. घरी वजनकाटा घ्या, बाकी काही नाही घेतलं तरी चालेल. वजन जास्त वाढवून आला की आम्हाला चार तासात चार-पाच किलो पाणी ओढावं लागतं, मग बीपी पडतं, पायात गोळे येतात, चक्कर येते. तुमच्या बाबांना चक्कर येते ती त्यातलीच असू शकते, सांगा त्यांना तिथं.

आणखी एक विचारून घ्या, हिपॅटायटिस बीची लस. किडनीच्या पेशंटला नेहमीच्या दुप्पट डोस लागतो आणि चार वेळा, सुरुवातीला, एक महिना, दोन महिने, सहा महिने. बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी ठरावीक काळानं झालीच पाहिजे आणि बी असलेल्याला वेगळं मशीन. फिल्टर पुन्हा वापरतात तेव्हा त्यावर तुमच्या बाबांचंच नाव आहे ना हे आईला वाचायला शिकवा. तिथल्या माणसाला राग आला तरी चालेल.

पाण्यावरून एक सांगतो कारण तुमच्या भागाचा प्रश्न आहे. एका पेशंटच्या चार तासाला सव्वाशे लिटरच्या आसपास एकदम शुद्ध पाणी लागतं, ते आरओ प्लांटमधून येतं आणि ते बनवताना त्याच्याशिवाय भरपूर पाणी वाया जातं. खाऱ्या पाण्यावर आरओची मेंब्रेन लवकर चोक होते, लाईट गेली की जनरेटर, जनरेटरचं डिझेल कोण देणार यावरून फायली फिरतात. म्हणून तालुक्याला मशीन आलं अशी बातमी आली तरी ते चालू होईलच असं नाही. मशीन विकत घेणं या सगळ्यातलं सोपं काम आहे. ते वर्षभर चालवायला प्लांट, टेक्निशियन, लाईट आणि आठवड्यातून एकदा तरी येणारा किडनीचा डॉक्टर लागतो, आणि आमच्याकडं पण तो डॉक्टर फोनवर असतो.

---

लातूरची_ताई

भाऊ, आमचे हे काही वर्षांपासून डायलिसिसवर आहेत, आठवड्याला तीनदा. आम्ही एसटीनं जातो. तुम्हाला कोणी सांगितलं का माहीत नाही, डायलिसिसच्या पेशंटला एसटीत पूर्ण सवलत आहे, तिकीट लागत नाही, दवाखान्याचं सर्टिफिकेट आणि आगारातून कार्ड करून घ्यायचं. आईला तर तसंही महिला म्हणून अर्धं तिकीट. रेल्वेत पण किडनीच्या पेशंटला आणि सोबत्याला सवलत असते, स्लीपरला ७५ टक्के, त्याचा फॉर्म डॉक्टर भरून देतात. शेगावहून अकोला रेल्वेनं जमत असेल तर बघा, एसटीपेक्षा पाठीला बरं पडतं. आम्हाला पहिलं वर्ष कोणीच हे सांगितलं नव्हतं आणि जीप भाड्यानं करून गेलो, त्यात दोन म्हशी गेल्या.

योजनेचं बोलायचं तर महात्मा फुले योजनेत आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना धरलंय, पांढरं कार्ड पण, आणि रक्कम दीड लाखावरून पाच लाख झाली कुटुंबाला वर्षाला. दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो त्याच्याकडं जा, हेल्पलाईन १५५३८८. रेशनकार्डावर बाबांचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधी बघा, आमच्याकडं एका वेलांटीवरून महिना अडला होता. इंजेक्शनं बाहेरून आणायला सांगतात ती (रक्त वाढायची) खरं तर योजनेत यायला पाहिजेत का हे आरोग्यमित्राला लेखी विचारा, तोंडी विचारलं की तोंडीच उत्तर मिळतं. गोळ्या जनऔषधीमधे घ्या, बीपीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत महिन्याला खूप फरक पडतो.

खाण्याचं सांगते. नारळपाणी बंद. लोक भेटायला येताना नारळ आणि केळी आणतात, तोंडावर घ्या आणि पोरांना द्या. बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी द्यायची. डाळ पण तशीच. लोणचं, पापड, ठेचा, खारे शेंगदाणे सोडायचे, मीठ गेलं की तहान आपोआप कमी होते हे मी शपथेवर सांगते. आणि दुकानात ते कमी सोडियमचं मीठ मिळतं ना, बीपीला चांगलं म्हणून, ते अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. प्रथिनं मात्र डायलिसिस सुरू झाल्यावर कमी करायची नाहीत, अंडी द्या रोज, पांढरा भाग. सुरुवातीला आमच्याकडं सगळ्यांनी मिळून ह्यांचं खाणंच बंद केलं होतं, नुसतं साबुदाण्याचं पाणी, माणूस वाळून गेला.

आईकडं लक्ष द्या हो. पेशंटला सगळे विचारतात, सोबत जाणारीला कोणी विचारत नाही. चार तास ती बाहेर पायरीवर बसते, जेवली का बघा.

---

निसर्गमित्र_७७

एवढ्या लांब जाण्यापेक्षा पुनर्नवा, वरुण, गोखरूचा काढा चालू करा. माझ्या ओळखीत एकाचं डायलिसिस सुटलं. पत्ता पाहिजे तर मेसेज करा.

---

नेफ्रो_नागपूर

मी विदर्भातच किडनीविकाराचा डॉक्टर आहे. वरच्या प्रतिसादाबद्दल आधी बोलतो कारण तो वाचून कोणाचा जीव जाऊ शकतो. काहींचं डायलिसिस सुटतं हे खरं आहे, सापचावा, लेप्टोचा ताप, जुलाब, बाळंतपणातला रक्तस्राव यामुळे किडनी अचानक बंद पडली असेल तर ती बऱ्याचदा काही आठवड्यात परत चालू होते, काढा घेतला तरी आणि नाही घेतला तरी. खारपाणवाला यांच्या वडिलांचं तसं आहे का हे सोनोग्राफीत किडनीचा आकार बघून बरंचसं कळतं. लहान झालेल्या, आकसलेल्या किडन्या असतील तर तो जुना आजार आहे आणि त्या परत येत नाहीत. अशा माणसाला पोटॅशियम वाढवणारा काढा किंवा भस्म दिलं, ज्यात पारा, शिसं सापडतं, आणि डायलिसिस थांबवलं तर तो आठवडाभरात माझ्याकडे अँब्युलन्समधून येतो. पत्ते मेसेजवर देऊ नका, विनंती आहे. तुमचा सोनोग्राफीचा रिपोर्ट काय म्हणतो?

आता पोटातून करायच्या डायलिसिसबद्दल. तुमच्यासारख्या लांबच्या गावासाठी ते खरं तर जास्त योग्य आहे आणि आपल्याकडे ते इतकं कमी का वापरलं जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पोटाला मऊ नळी बसवतात, दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, चार-सहा तास ठेवायची, काढायची, दुसरी सोडायची, दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी अर्धा तास. मशीन नाही, लाईट नाही, आरओ नाही, महिन्यातून एकदा दवाखाना. थायलंडनं २००८ साली सरकारी योजनेत हीच पद्धत सगळ्यांना आधी द्यायची असं ठरवलं आणि पिशव्या खेड्यापाड्यात घरपोच केल्या, २०२२ पर्यंत ते धोरण होतं, नंतर पेशंटला निवड दिली. आपल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१६ ला फक्त मशीनचं डायलिसिस होतं, २०१९ ला पोटातल्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना निघाल्या, पण जिल्ह्यात जाऊन विचाराल तर देणारा सापडणं अवघड. खिशातून करायचं म्हटलं तर पिशव्यांचाच खर्च महिन्याला वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. आणि स्वच्छता फार लागते. वेगळी खोली नसली तरी एक कोपरा, दार-खिडकी बंद करून, पंखा बंद, हात साबणानं धुऊन, मास्क लावून. पोटातलं पाणी गढूळ आलं की इन्फेक्शन, लगेच अँटिबायोटिक. शिकलेल्या लोकांनाच जमतं असं अजिबात नाही, माझ्याकडे निरक्षर सासूबाईंचं सगळं करणारी सातवी पास सून आहे, सासूबाईंना एकदाही इन्फेक्शन झालेलं नाही. तुम्ही मेडिकल कॉलेजला जाऊन योजनेत होतं का हे विचारा, विचारणारे वाढले तरच ते सुरू होईल.

हिमोग्लोबिन ६.८ आहे म्हणून रक्ताच्या बाटल्या लावल्या का? आई किडनी देणार असेल तर शक्यतो रक्त चढवणं टाळा, शरीरात अँटिबॉडी तयार होतात आणि पुढं किडनी जुळायला त्रास होतो. आयर्न आणि एरिथ्रोपोएटिन म्हणजे रक्त वाढवणारी इंजेक्शनं हा मार्ग आहे.

---

खारपाणवाला

डॉक्टर, सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान लिहिल्यात, ७.८ आणि ८.१ सेमी. रक्ताची एक बाटली लावली होती पहिल्या दिवशी, आता नको सांगतो. एसटीचं आम्हाला माहीतच नव्हतं ताई, उद्याच आगारात जातो. मंगळ-शुक्र करून घेतो. फिस्टुलाचं विचारलं तर "बघू" म्हणाले, पुन्हा विचारतो.

आईचं ब्लड ग्रुप बी आहे आणि बाबांचं ओ. मग संपलं का?

---

अवयवदान_समन्वयक

संपलं नाही. मी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर म्हणून काम करते, थोडं सविस्तर सांगते.

१९९४ च्या कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणून नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं होती आणि २०११ च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा, नातवंडं आली. त्याच दुरुस्तीत अदलाबदल पण आली, म्हणजे तुमच्या आईची किडनी बी ग्रुपच्या दुसऱ्या पेशंटला आणि त्या घरातल्या ओ ग्रुपच्या दात्याची तुमच्या बाबांना, दोन्ही ऑपरेशनं एकाच वेळी. पेशंट ओ असला की जोडी मिळायला वेळ लागतो हे मी आधीच सांगून ठेवते कारण ओ ग्रुपला ओच लागतो. ग्रुप न जुळता पण ट्रान्सप्लांट करतात पण त्याचा खर्च सामान्य घराच्या बाहेरचा आहे. आणि मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव आजच लावा, विदर्भासाठी नागपूरची झेडटीसीसी (अवयव वाटपाचं विभागीय केंद्र) आहे, ज्या दवाखान्यात ट्रान्सप्लांट होतं तिथून नाव जातं. यादी लांब आहे पण नावच नसेल तर नंबर कुठून येणार.

महात्मा फुले योजनेत ट्रान्सप्लांटची मर्यादा अडीच लाखावरून साडेचार लाख केली आहे. धर्मादाय दवाखान्यात १० टक्के खाटा निर्धन लोकांना मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार, तहसीलदाराचा दाखला काढून ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीत पण अर्ज करा. पण ऑपरेशनचा खर्च हा एकदाचा असतो, खरा प्रश्न नंतरच्या गोळ्यांचा, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून, या जन्मभर आणि एक दिवस न चुकवता. माझ्या डोळ्यादेखत चांगल्या चालणाऱ्या किडन्या गेल्यात कारण पेरणीच्या महिन्यात गोळ्यांना पैसे नव्हते. म्हणून ऑपरेशनच्या आधी गोळ्या कुठून येणार हे ठरवा.

अजून एक मनातलं. देणाऱ्या बहुतेक बाया असतात आणि घेणारे बहुतेक पुरुष, हे रोज बघते. आई तयार आहे म्हणालात, पण तिला एकटीला बसवून, घरातलं कोणी नसताना, विचारू द्या डॉक्टरांना. आणि तुमचं स्वतःचं ब्लड ग्रुप काय? काकांचं? तुम्ही लिहिलंच नाही.

---

नेफ्रो_नागपूर

यात एक महत्त्वाचं जोडतो. आई त्याच गावात, तेच पाणी पिऊन, त्याच उन्हात राहिली आहे. म्हणून दाता म्हणून तिची तपासणी नेहमीपेक्षा बारकाईनं करावी लागेल, नुसतं क्रिएटिनिन नॉर्मल आहे यावर जायचं नाही, दोन्ही किडन्या किती काम करतात याचा स्कॅन, लघवीतलं प्रोटीन, बीपी. हेच तुम्हाला पण लागू. तुमचं वय कमी आहे, तुम्ही दाता व्हायच्या आधी पुढच्या वीस वर्षांत तुमच्याच किडनीला काय होईल हा विचार करावा लागतो.

पाण्याबद्दल. तुमच्या पट्ट्यात किडनीचे पेशंट जास्त दिसतात हे आम्हाला ओपीडीत जाणवतं. पण खारं पाणी हेच एकमेव कारण असं सिद्ध झालेलं नाही आणि मी तसं सांगणार नाही. पिण्याच्या पाण्यात टीडीएस (विरघळलेले क्षार, मिलीग्रॅम प्रति लिटर) ५०० पर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालेल असं आपलं मानक आहे, तुमच्याकडच्या विहिरी त्याच्या कितीतरी वर जातात. त्यात नायट्रेट, फ्लोराईड किती ते गावागावाला वेगळं. शिवाय मार्च-एप्रिल-मेच्या उन्हात पाणी न पिता राबणं, कारण ते पाणी पिववत नाही, फवारणीचं औषध, आणि गुडघेदुखी-पाठदुखीवर दुकानातून घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या. ही शेवटची मला सगळ्यात जास्त छळते. दिवसभर निंदणी करून संध्याकाळी गोळी, वर्षानुवर्षं, कोणालाच त्याचं काही वाटत नाही. मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वाच्या ऊसतोड मजुरांत असाच आजार सापडला, शुगर नाही, बीपी फारसं नाही, तरुण पोरं, तिथं उष्णता आणि शरीरातलं पाणी कमी होणं याकडं बोट दाखवतात आणि शेतावर सावली, विश्रांती आणि पाणी देऊन बघतात. आपल्या बीडच्या ऊसतोड कामगारांकडं त्या नजरेनं बघायला पाहिजे असं मला फार वाटतं.

---

विशाखापट्टणमकर

मी मूळचा अकोटचा, नोकरीनिमित्त आंध्रात. इथून वर श्रीकाकुलम जिल्ह्यात उड्डानम म्हणून भाग आहे, समुद्रकाठचा, नारळ आणि काजूच्या बागा, हिरवागार. तिथं पण हेच, गावंच्या गावं किडनीची. कारण अजून कोणी ठामपणे सांगू शकलेलं नाही, पाणी, औषधं, उष्णता सगळ्यावर संशोधन झालंय. पण कारण सापडेपर्यंत लोक गप्प बसले नाहीत, इतकी वर्षं बोंबाबोंब केली की सरकारला २०१९ ला डायलिसिसच्या पेशंटला महिना दहा हजार पेन्शन द्यावी लागली आणि २०२३ च्या डिसेंबरात पलासाला २०० खाटांचा दवाखाना आणि किडनी संशोधन केंद्र सुरू झालं, सोबत नदीच्या पाण्याची मोठी योजना. सगळं सुरळीत आहे असं नाही, तिथले लोक अजून तक्रारी करतात, पण डायलिसिसला विशाखापट्टणमपर्यंत यावं लागायचं ते बऱ्याच जणांचं थांबलं. आपल्याकडं वान धरणाची १४० गावांची योजना आहे, तुमच्या गावात येतं का ते पाणी?

---

खारपाणवाला

येतं पण उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी, मधे बोअरचं किंवा आरओचे कॅन विकत. सगळ्यांना कॅन परवडत नाही. शेतात तर बोअरचंच.

माझा ग्रुप ओ आहे. आईला अजून सांगितलेलं नाही, ती मला देऊ देणार नाही. आणि डॉक्टर म्हणतात तसं मला पण आता भीती वाटते, गुडघ्याच्या गोळ्या बाबांनी खूप वर्षं खाल्ल्या, मी पण अधूनमधून घेतो. आम्हा घरच्यांची तपासणी कुठं आणि काय करायची? अकोल्याला जाऊनच करावी लागते का?

---

आशाताई_तेल्हारा

दादा मी आशा आहे, तुमच्या शेजारच्या तालुक्यात. अकोल्याला जायची काही गरज नाही. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, महालॅबमधून रक्त तपासणी फुकट होते, क्रिएटिनिन मागा. मागावं लागतं, आपण होऊन कोणी लिहीत नाही कारण आमच्या फॉर्मवर बीपी आणि शुगर आहे, ३० च्या वरच्यांचं ते आम्ही करतो, किडनीचा रकानाच नाही त्यात. मी माझ्या गावात बीपी वाढलेल्या सगळ्यांना डॉक्टरांकडं नेऊन क्रिएटिनिन लिहून घेते, डॉक्टर चांगले आहेत, लिहून देतात. त्यातून तीन जण सापडले दोनच्या आसपास क्रिएटिनिन असलेले, तिघांना काहीच त्रास नव्हता, एक तर रोज ट्रॅक्टर चालवत होता. आता तिघं बीपीच्या गोळ्या घेतात आणि दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यात. तुमच्या बाबांचं दोन असताना कोणी मोजलं असतं तर... असो, तुमच्या गावातल्या आशाला माझा हा मेसेज दाखवा. एक दिवस ठरवून शिबिर मागता येतं, ग्रामपंचायतीचा ठराव करून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायचा. पाण्याचा नमुना पण ग्रामपंचायतीमार्फत भूजल विभागाच्या प्रयोगशाळेत जातो, नायट्रेट आणि फ्लोराईड लिहायला सांगा, नुसतं पिण्यायोग्य की नाही एवढंच नको.

---

मशीनरूम_परभणी

ताई तुमच्यासारख्या दहा आशा प्रत्येक तालुक्यात असत्या तर माझ्याकडची वेटिंग लिस्ट निम्मी झाली असती, हे मी मनापासून लिहितोय. देशात दर वर्षी दोन लाखाच्या वर नवीन माणसं या शेवटच्या टप्प्याला येतात असं सरकारच सांगतं. तेवढ्यांना मशीन पुरवणं कोणत्याच सरकारला जमणार नाही.

---

नेफ्रो_नागपूर

खारपाणवाला, घरातल्या तिघा-चौघांचं एवढं करा. रक्तात क्रिएटिनिन, सकाळच्या पहिल्या लघवीत प्रोटीन किंवा अल्ब्युमिन, आणि बसवून, पाच मिनिटं शांत ठेवून दोनदा बीपी. क्रिएटिनिन १.३ आलं आणि कागदावर नॉर्मल लिहिलं असलं तरी बारीक बांध्याच्या बाईला ते नॉर्मल नसतं, वय घालून ईजीएफआर (किडनी किती काम करते तो आकडा) काढायला सांगा, मोबाईलवर पण निघतं. प्रोटीन आलं तर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून खात्री करायची. दुखण्याच्या गोळ्या आजपासून बंद, अगदीच लागलं तर पॅरासिटामॉल. रिपोर्ट आले की इथंच नावं झाकून टाका, मी बघतो. आणि फिस्टुलाला "बघू" म्हणाले तर सर्जनची तारीख कागदावर लिहून मागा, पेपर हातात घेतल्याशिवाय उठू नका.

---

खारपाणवाला

गुरुवारी केंद्रावर आईला आणि काकांना घेऊन जातो. आमच्या गावच्या आशाताईंना मेसेज दाखवला, त्या म्हणाल्या गल्लीतल्या अजून काही जणांना सोबत आणते. डॉक्टर, एक राहिलं, आईचं रक्त द्यायला उपाशीपोटी जावं लागतं का, ती मजुरीवरून परस्पर येईल.

---

नेफ्रो_नागपूर

नाही, क्रिएटिनिनला उपाशी लागत नाही. शुगर पण करणार असतील तरच. फक्त आदल्या दिवशी मटण नको आणि उन्हातून आल्या आल्या बीपी मोजायचं नाही, आधी सावलीत बसवा, पाणी द्या.